आईच्या डबीत काय आहे?

पत्राचा सारांश: "माझी आई ६४ वर्षांची आहे. प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर ती साताऱ्याला माझ्या मावशीसोबत राहते. तिला ११ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षी घरकामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाला खरूज झाली आणि ती आई-मावशी दोघींना लागली. डॉक्टरांनी दिलेले मलम लावल्यावर मावशी बरी झाली. आईला मात्र तेव्हापासून कातडीवर आणि कातडीखाली बारीक किडे फिरतात असे वाटते. ते आधी पांढरे असतात, मग काळे होतात, कानातून आत शिरतात आणि नखांखालून बाहेर पडतात, असे ती सांगते. चार त्वचारोगतज्ज्ञांनी 'काही नाही' म्हणून परत पाठवले. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत ती 'पकडलेले' किडे जपून ठेवते. गाद्या जाळून झाल्या, दोनदा पेस्ट कंट्रोल झाले. आंघोळीच्या पाण्यात ती फिनेल टाकते आणि मागच्या महिन्यात तिने अंगाला रॉकेल लावले. आता मावशीलाही पुन्हा खाज सुटली आहे आणि खरे सांगायचे तर साताऱ्याहून पुण्याला परतले की मलाही सुटते. अमेरिकेतल्या मामेभावाने मॉर्गेलॉन्स नावाच्या रोगाचे व्हिडिओ पाठवल्यापासून तिची पक्की खात्री झाली आहे. बाकी सगळ्या बाबतींत ती पूर्वीइतकीच हुशार आहे. घराचा हिशेब तीच ठेवते. हा मनाचा खेळ आहे, असे तिला स्पष्ट सांगावे का? भाऊ म्हणतो, मानसोपचारतज्ज्ञाकडून औषध आणून चहात मिसळून देऊ. ते योग्य होईल का?"

नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. आईंना 'हा मनाचा खेळ आहे' असे सांगू नका आणि चहात काहीही मिसळू नका. यामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण ती पटल्याशिवाय पुढच्या काही महिन्यांत तुम्हाला जो धीर धरावा लागणार आहे, तो धरता येणार नाही.

पाय अवघडला की आपण 'पायाला मुंग्या आल्या' असे म्हणतो. तसे म्हणताना कोणी खाली वाकून मुंग्या शोधत नाही, कारण नसेतून आलेली संवेदना आणि पायावर चढलेली मुंगी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्याला न सांगता ठाऊक असते. वैद्यकशास्त्रात या संवेदनेला जो शब्द आहे तोही लॅटिनमधल्या मुंगीवरूनच आलेला आहे. तुमच्या आईंच्या बाबतीत या दोन गोष्टींमधला पडदा गळून पडला आहे, एवढेच म्हणता येईल. त्यांना जे जाणवते ते खरेखुरे जाणवते. रात्री दोन वाजता त्या उठून बसतात त्या काही नाटक म्हणून नव्हे. चुकला आहे तो त्या जाणिवेचा लावलेला अर्थ. तुम्ही 'काही नाही' म्हणता तेव्हा त्यांच्या कानावर 'तुला खाज येतच नाही' असे पडते, आणि ते साफ खोटे आहे हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

आता आधी खऱ्या किड्यांविषयी, कारण कोणत्याही प्रामाणिक डॉक्टरने सुरुवात तिथूनच करायला हवी. खरजेचा किडा जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटरचा असतो. त्याची मादी कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते आणि हे बोगदे बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेला नाडी बांधतो त्या भागात सापडतात. साध्या खरजेत सगळ्या अंगावर मिळून १० ते १५ माद्याच असतात, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. एवढ्याशा किड्यांनी माणूस हैराण होतो, कारण खाज सुटते ती शरीराने त्यांच्याविरुद्ध दाखवलेल्या ॲलर्जीमुळे. म्हणूनच परमेथ्रिनचे मलम नीट लावून, आठवड्याभराने पुन्हा लावून, सगळे किडे मेले तरी खाज पुढे दोन ते चार आठवडे रेंगाळू शकते. माझा अंदाज असा आहे की आईंच्या त्रासाची सुरुवात नेमकी इथे झाली असावी. किडे मेले, खाज उरली, आणि 'किडे मरतील' असे सांगणाऱ्याने 'खाज मात्र थोडे दिवस राहील' हे सांगितले नाही. मग मलम पुन्हा लावले गेले असेल, पुन्हा पुन्हा लावले गेले असेल, आणि त्या माऱ्याने कोरडी पडलेली कातडी आणखी खाजू लागली असेल.

खरजेखेरीज ढेकूण आहेत, उवा आहेत, आणि शहरांतून हल्ली वाढलेला एक प्रकार म्हणजे पक्ष्यांच्या अंगावरचे सूक्ष्म किडे. खिडकीच्या छज्जावरचे कबुतरांचे घरटे रिकामे झाले की उपाशी किडे घरात शिरतात आणि माणसाला चावतात. मात्र माणसाच्या अंगावर त्यांना वस्ती करता येत नाही. साताऱ्याच्या घराच्या खिडक्या एकदा स्वतः पाहून घ्या. या सगळ्या जिवांना आपापली रीत असते. पांढऱ्याचा काळा होणारा, कानातून शिरून नखाखालून निघणारा, दोन वेळच्या औषधाला आणि दोन पेस्ट कंट्रोलना न जुमानणारा आणि चार तज्ज्ञांपैकी एकालाही न सापडणारा किडा जीवशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

या चार तज्ज्ञांविषयी मला थोडे बोलायचे आहे, कारण मी त्याच व्यवसायातला आहे. ज्या तपासणीने रुग्णाचे समाधान होते ती टेबलाच्या पलीकडे बसून होत नाही. डोक्यापासून तळव्यापर्यंत पाहावे लागते, डर्मोस्कोप नावाचे भिंग कातडीला टेकवून बोटांच्या बेचक्या एकेक करून तपासाव्या लागतात, आणि शंका आली तर खरवडून घेतलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. या तपासणीत एक खूण पुष्कळदा दिसते आणि ती तुम्हालाही घरी पाहता येईल. ओरखडे, खपल्या आणि व्रण हातांवर, पोटऱ्यांवर, खांद्यांवर असतात, पण पाठीच्या मधोमध, दोन फऱ्यांच्या मधली जागा, जिथे आपला आपल्याला हात पोहोचत नाही, तिथली कातडी स्वच्छ असते. त्या जखमा कोणी केल्या हे त्या एका वीतभर जागेवरून कळते.

डब्यांचेही तसेच आहे. अंगावर किडे आहेत असा पक्का भ्रम होण्याचा हा आजार आहे आणि त्याच्या रुग्णांची ही सवय इतकी ठरलेली आहे की तिला 'काडेपेटीची खूण' असे नावच पडले आहे. पूर्वी लोक पुरावा काडेपेटीत आणत, आता चिकटपट्टीवर किंवा मोबाइलमधल्या फोटोंत आणतात. माझ्यासमोर अशी एक डबी उघडली गेली तेव्हा तिच्या तळाशी कापूस अंथरलेला होता आणि त्यावर सात 'किडे' ओळीने मांडलेले होते. भिंगाखाली त्यातल्या चार वाळलेल्या खपल्या निघाल्या, दोन टॉवेलचे धागे निघाले आणि सातवा मात्र खरोखरचा किडा होता: तांदळातला सोंडकिडा. मी तो त्या बाईंना भिंगातून दाखवला. त्या हसल्या, 'हा आमच्या पिंपातला' म्हणाल्या आणि लगेच पुढे म्हणाल्या, 'पण बाकीचे सहा?' हे उत्तर लक्षात ठेवा. पुराव्याने भ्रम उतरत नाही. तरीही डबी उघडून नीट पाहिली गेली म्हणून त्या पुढच्या वेळी परत आल्या, आणि त्या परत आल्या म्हणूनच उपचार सुरू करता आला.

जॉर्ज तिबिएर्झ या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८९४ मध्येच अशा रुग्णांविषयी लिहिले होते. पुढे १९३८ मध्ये कार्ल-आक्सेल एकबोम या स्वीडिश मेंदूविकारतज्ज्ञाने उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रियांमधील या समजुतीचे सविस्तर वर्णन केले, म्हणून आजही हा आजार त्याच्या नावाने ओळखला जातो. यातील विलक्षण गोष्ट तुमच्या पत्रातही आली आहे. भ्रम या एकाच विषयापुरता असतो. बाकीची बुद्धी शाबूत असते, दुधाचा हिशेब पैशापैशाने जुळतो, नातवंडांचे वाढदिवस लक्षात राहतात. त्यामुळे घरच्यांना 'वेड लागले' असे म्हणवत नाही आणि रुग्णाला तर मानसोपचाराचा विषय काढणे हा अपमान वाटतो. दोघांचेही चुकत नाही, कारण 'वेड' हा शब्द इथे लागूच पडत नाही.

आता तुमच्या पत्रातील ज्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबलो ते वाक्य: 'तिला ११ वर्षांपासून मधुमेह आहे.' तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेला आहात, पण कदाचित उत्तराचा मोठा भाग तिथेच दडलेला आहे. मधुमेहाने पायाच्या, हाताच्या बारीक नसा दुखावतात आणि मुंग्या येणे, टोचल्यासारखे, चालल्यासारखे वाटणे ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. आई मेटफॉर्मिन घेत असतील, आणि बहुतेक मधुमेही घेतात, तर ते वर्षानुवर्षे घेतल्याने आतड्यातून ब-१२ जीवनसत्त्व कमी शोषले जाते. त्या शाकाहारी असतील तर ब-१२ मुळातच आहारातून थोडे मिळते, कारण दूध-दही सोडले तर शाकाहारात त्याचा भरवशाचा स्रोत नाही. जोडीला आम्लपित्ताची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी चालू असेल तर अन्नातले जीवनसत्त्व सुटे व्हायला लागणारे जठरातले आम्लही कमी होते. मधुमेह, शाकाहार आणि पित्ताची गोळी हे त्रिकूट आपल्याकडे घरोघरी आढळते. ब-१२ ची कमतरता नसांना इजा करते आणि क्वचित विचारांवर, समजुतींवरही परिणाम करते; कमतरता भरून काढल्यावर किड्यांची समजूत मावळल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

म्हणून पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाची ठरवू नका. मधुमेहाच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा आणि ब-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन व लोह, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या करून घ्या. मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइड बिघडले तरी अंगावर पुरळ नसताना खाज सुटते. आई घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसह, सोबत न्या, कारण कंपवातावरील काही औषधांनीही असे भास होतात. स्मरणशक्तीची साधी चाचणीही करून घ्या. या वयात नव्याने उपजलेला भ्रम कधीकधी स्मृतिभ्रंशाच्या आधी येतो आणि तसे असेल तर औषधांची निवड बदलते. मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरीकडे, आज आणि आत्ता थांबवण्यासारखी गोष्ट म्हणजे फवारण्या. फिनेल आणि रॉकेल कातडी भाजतात, तिच्यावरचे तेलकट संरक्षण धुऊन नेतात आणि मधुमेहात अशी जखम लवकर चिघळते. रॉकेलाचा तर देवघरातल्या निरांजनाशी नुसता संबंध आला तरी काय होईल ते मी सांगायला नको. पेस्ट कंट्रोलमध्ये आणि झुरळांच्या खडूत पुष्कळदा पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशके असतात, आणि ती कातडीला लागली की काही तास चुरचुर होते, मुंग्या येतात. म्हणजे किडे मारायला आणलेले औषध पुन्हा किडे चालल्याचीच संवेदना देते आणि त्यावरून तिसऱ्या पेस्ट कंट्रोलची मागणी येते. तुम्ही 'किडे नाहीत म्हणून फवारू नकोस' असे म्हणालात तर भांडण होईल. 'या औषधाने तुझ्या कातडीची आग होते आहे, जखमा भरेपर्यंत फक्त खोबरेल लाव' असे म्हणालात तर ते खरेही आहे आणि बहुधा ऐकलेही जाईल.

हीच रीत बाकीच्या बोलण्यालाही लावा. 'मला दिसत नाहीत, पण तुला किती त्रास होतो ते दिसते आहे', 'रात्रीची झोप आधी परत आणू, बाकीचे नंतर बघू' अशी वाक्ये तुमच्या तोंडी असू द्या. किडे आहेत की नाहीत या वादात पडू नका, पण त्यांचे मन राखायला 'हो ग, मलाही दिसला' असेही कधी म्हणू नका. एकदा तशी साक्ष दिलीत की ती पुढे प्रत्येक डॉक्टरसमोर तुमच्या नावाने सांगितली जाईल.

मामेभावाने पाठवलेल्या व्हिडिओंविषयी थोडक्यात. मॉर्गेलॉन्स हे नाव अमेरिकेत २००२ च्या सुमारास प्रचारात आले. कातडीतून रंगीत धागे निघतात, अशी त्या लोकांची तक्रार असते. लोकांच्या आग्रहामुळे तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्राने उत्तर कॅलिफोर्नियातील ११५ रुग्णांचा अभ्यास केला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोणताही परजीवी किंवा संसर्ग आढळला नाही आणि तपासलेले बहुतेक धागे कापसाचे, म्हणजे अंगावरच्या कपड्यांचे निघाले. मामेभावाला एक फोन करून व्हिडिओ थांबवायला सांगा. त्याचा हेतू चांगला असेल, पण आईंच्या झोपेवर त्याचा फार मोठा भार पडतो आहे.

मावशींची आणि तुमची खाज या वेगळ्या गोष्टी आहेत. जांभईसारखी खाजही दुसऱ्याची पाहून येते. हा मजकूर वाचताना तुम्ही एकदा तरी डोके किंवा मान खाजवली असेल. तुमची तेवढीच असावी, कारण पुण्याला आल्यावर त्या खाजेपायी तुम्ही गाद्या जाळायला निघत नाही. मावशींना मात्र त्वचारोगतज्ज्ञांना नव्याने दाखवा. खरूज पुन्हा होऊ शकते आणि त्यांना खरोखर झाली असेल तर दोघींनाही एकाच वेळी उपचार घ्यावे लागतील. त्यांच्या कातडीवर काही सापडले नाही आणि तरी त्याही किड्यांविषयी खात्रीने बोलू लागल्या असतील, तर एकाचा भ्रम सोबत राहणाऱ्या दुसऱ्याने उचलल्याचा हा प्रकार असू शकतो. फ्रेंच डॉक्टरांनी तो १८७७ मध्येच वर्णिला आहे आणि त्यावरचा पहिला उपाय म्हणजे दोघांना काही दिवस वेगळे ठेवणे. मावशींना पंधरा दिवस पुण्याला आणा आणि तेवढे दिवस भावाला साताऱ्याला आईंजवळ राहू द्या. चहात औषध मिसळण्यापेक्षा हे काम त्याला अधिक शोभेल.

त्या चहाविषयी बोलायचे राहिले. ज्या बाईंना आपल्या अंगात कोणीतरी शिरले आहे असे वाटते, त्यांच्या कपात घरच्यांनी लपून काही घातले हे एकदा उघडकीस आले, आणि चव, रंग किंवा दुपारची गुंगी यांतून ते उघडकीस येतेच, तर त्या घरातले पाणीही पिणार नाहीत. शिवाय २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारासाठी रुग्णाची माहितीपूर्ण संमती आवश्यक मानतो. मधुमेही रुग्णाला साखर आणि वजन वाढवू शकणारे औषध चोरून, रक्ततपासणीविना देणे तर सरळ धोक्याचे आहे.

उघडपणे दिलेले औषध मात्र गुणकारी ठरते. तपासण्यांतून दुसरे कारण निघाले नाही, किंवा ब-१२ भरून काढूनही समजूत कायम राहिली, तर रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल यांसारखी औषधे अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करतात. पूर्वी यासाठी पिमोझाइड वापरत. हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामांमुळे आता ते मागे पडले आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही औषध काही महिने चालू ठेवावे लागते. ते देताना मी रुग्णाला सांगतो ते असे: 'हे औषध मेंदूत डोपामिन नावाच्या रसायनावर काम करते. त्याचा वापर मानसिक आजारांतही होतो, हे तुम्ही खोक्यावर किंवा मोबाइलवर वाचाल, म्हणून मीच आधी सांगतो. तुमच्यासारखा त्रास असलेल्या बऱ्याच जणांची खाज आणि तळमळ याने कमी होते. सहा आठवडे घेऊन पाहूया का?' यात एकही शब्द खोटा नाही आणि किडे आहेत की नाहीत यावर सही मागितलेली नाही. बरे झालेले कित्येक रुग्ण पुढे 'किडे औषधाने मेले' असेच म्हणत राहतात. म्हणोत, मी ते खोडून काढायला जात नाही. हे औषध त्वचारोगतज्ज्ञही सुरू करू शकतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेणार असाल तर 'झोप लागत नाही' या खऱ्या तक्रारीसाठी न्या आणि ते कशाचे डॉक्टर आहेत हे दारावरची पाटी वाचण्याआधी आईंना तुमच्याकडून कळू द्या.

काही गोष्टींत मात्र थांबू नका. आई ब्लेडने, सुईने किंवा चिमट्याने कातडी उकरू लागल्या, जखमेतून पू आला किंवा ताप आला, त्यांनी जेवण सोडले, किंवा 'यापेक्षा मेलेले बरे' असे शब्द त्यांच्या तोंडून निघाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे हे सुचले नाही तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

भेटीला जाताना डब्या सोबत घ्या. घरातून निघताना त्या लपवू किंवा फेकू नका. डॉक्टरांना आधी फोन करून अर्ध्या तासाची वेळ मागा आणि आई स्वतःच्या हाताने त्या उघडून दाखवतील असे पाहा. तोवर आणखी एखादी डबी भरली तर भरू द्या.